तळेऱ्याचा नमुना

तळेऱ्याच्या नाक्यावरून वाटा फुटतात. मुंबई-गोवा महामार्ग गावातून जातो, वैभववाडीवरून करूळ घाट चढून कोल्हापूरला जाणारा रस्ता इथूनच सुटतो आणि विजयदुर्गाकडे उतरणाराही इथूनच. देवगडचा आंबा, कासार्ड्याची सिलिका वाळू, विजयदुर्गची मासळी असा माल या नाक्यावरून जाताना सगळ्यांना दिसतो. आणखी एक माल रोज जातो, तो मात्र कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. थर्माकोलच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांना टेकवून ठेवलेले लघवीचे, रक्ताचे, पुवाचे नमुने. माझा पोटापाण्याचा संबंध या मालाशी आहे.

मी लॅब टेक्निशियन. डीएमएलटी केल्यावर मुंबईत एका मोठ्या रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बरीच वर्षं काढली, मग सासूबाईंच्या आजारपणात गावी आले ती इथलीच झाले. राहते तळेऱ्यात आणि नोकरी करते जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. माझं टेबल कल्चरचं. रुग्णाच्या नमुन्यातून जंतू वाढवायचा, तो कोणता ते ओळखायचं आणि कुठल्या अँटिबायोटिकला तो दाद देतो ते सांगायचं. रिपोर्टवर शेवटी प्रत्येक औषधासमोर एक अक्षर येतं. एस म्हणजे औषध चालेल, आर म्हणजे चालणार नाही, आणि आय म्हणजे मधलं. डॉक्टर बाकीचा मजकूर वाचतातच असं नाही, ती अक्षरं मात्र वाचतात.

आमच्या वाडीतल्या एका काकूंना मधुमेह. लघवीचा संसर्ग वारंवार व्हायचा. एकदा त्यांचा मुलगा दोन रिपोर्ट घेऊन घरी आला. एक कोल्हापूरहून आलेला, दुसरा आठवड्याच्या आतच दुसरीकडून केलेला. दोन्हीवर जंतू ई. कोलाय. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसमोर पहिल्या कागदावर एस, दुसऱ्यावर आर.

"ताई, जंतू एकच, माणूस एकच. मगे ह्या कागदार औषध चालता नि त्या कागदार चालणा नाय, असा कसा? माझ्या आवशीक आता खंयचा औषध देवचा?"

मी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं, कारण औषध सांगणं माझं काम नाही. पण त्याचा प्रश्न माझ्याच टेबलावरचा होता. आठवड्यात दुसराच ई. कोलाय येऊन बसला असेल, हे शक्य असतं. दोन प्रयोगशाळांपैकी एकीचं काही बिनसलं असेल, हेही शक्य असतं. या दोहोंतलं खरं कुठलं, ते कागदाकडे बघून देवालाही सांगता येणार नाही. बाजारातल्या तराजूवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो म्हणून आपण किलोला किलो समजतो. प्रयोगशाळेच्या अक्षराला तसा शिक्का कोण मारतो, हे विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

आमची तपासणी कशी होते ते आधी सांगते, म्हणजे ती कुठे घसरते ते कळेल. छोट्या प्रयोगशाळांत अजूनही डिस्कची पद्धत चालते. बाउअर, कर्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९६६ साली प्रमाणित करून प्रसिद्ध केली. जंतूच्या ताज्या वसाहती सलाइनमध्ये कालवायच्या. गढूळपणा ठरावीक हवा, त्याला ०.५ मॅकफारलंड म्हणतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा ते वीस कोटी जंतू. स्वॉबनं ते म्युलर-हिंटन अगारच्या प्लेटवर तीन दिशांनी सारखं पसरायचं. पंधरा मिनिटांच्या आत औषधाच्या डिस्क ठेवायच्या आणि प्लेट इन्क्युबेटरमध्ये ३५ अंशांना सोळा ते अठरा तास ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट पालथी करून काळ्या कागदावर धरायची. डिस्कभोवती जंतू न वाढलेलं गोल रिंगण दिसतं, त्याला झोन म्हणतात. झोनचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजायचा, तक्त्यात बघायचा आणि अक्षर लिहायचं.

वाचायला सोपं वाटतं. पण अगारचा थर चार मिलिमीटरच हवा. पातळ ओतला तर झोन मोठा येतो आणि निकामी औषध कामाचं दिसतं. कालवलेलं पाणी जास्त गढूळ झालं तर झोन लहान येतो आणि चांगलं औषध बाद होतं. हे सगळं ताळ्यावर आहे की नाही ते बघायला आमच्याकडे ओळखीचे जंतू असतात. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा त्यातला रोजचा. त्याचा झोन जेंटामायसिनला १९ ते २६ आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडला १८ ते २४ मिलिमीटर यायला हवा, हे जगभर ठरलेलं आहे. आकडा या हद्दीबाहेर गेला की त्या दिवशी त्या औषधाचा रिपोर्ट द्यायचा नाही.

कोकणात हा आकडा पावसाळ्यात बिघडतो. एका जुलैत आमचा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिकचा झोन आधी १८ वर आला, मग १७, मग १६. जेंटामायसिनचा आकडा जागच्या जागी. म्हणजे प्लेटचा किंवा गढूळपणाचा दोष नव्हता, दोष त्या डिस्कचाच. शोधल्यावर कारण सापडलं. फ्रीजमधून काढलेली डिस्कची नळी थंड असतानाच उघडली जात होती. आमच्या दमट हवेत थंड नळी उघडली की आत लगेच दव धरतं, आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ओलाव्याला फार नाजूक. नळी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबायचं आणि मगच उघडायची, हा नियम पुस्तकात होताच. सकाळच्या गर्दीत तो कुणी पाळत नव्हतं. वरच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडीही निळ्याची गुलाबी झालेली होती. नवी नळी उघडली, पुडी बदलली, आकडा २१ वर आला. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं किनाऱ्यावरचे खांब आडवे केले, दिवसचे दिवस वीज नव्हती. तेव्हा तर फ्रीजरमधल्या सगळ्या डिस्क फेकून द्याव्या लागल्या. फेकायला जीव होत नाही, कारण डिस्क स्वस्त नसतात. पण बिघडलेली डिस्क वापरून दिलेला रिपोर्ट जास्त महाग पडतो.

ही झाली घरातली तपासणी. पण घरातल्या घरात किती बघणार? आपला तक्ता चुकीचा असेल तर आपला ओळखीचा जंतू ते सांगत नाही. त्यासाठी बाहेरचा परीक्षक लागतो. याला बाह्य गुणवत्ता मूल्यमापन म्हणतात, आमच्यात नुसतं 'ईक्यूएएस'. भारतात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची संघटना, इंडियन असोसिएशन ऑफ मेडिकल मायक्रोबायोलॉजिस्ट्स, अशी योजना बरीच वर्षं चालवते. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, दिल्लीचं सर गंगाराम रुग्णालय आणि मुंबईत शीवचं लोकमान्य टिळक महापालिका वैद्यकीय महाविद्यालय ही तिची केंद्रं. फी भरून नाव नोंदवलं की कुरियरनं खोकं येतं. आमच्या डॉक्टर मॅडमनी मालकांच्या मागे लागून तशा एका योजनेत आमचं नाव घातलं.

खोक्यात काचेच्या छोट्या कुप्या. तळाशी सुकवलेल्या जंतूची भुरकट टिकली. सोबत कागद, त्यावर नमुन्याचा क्रमांक आणि दोन ओळींची हकीकत, की अमुक वयाच्या रुग्णाच्या लघवीतून हा जंतू वाढला. जंतू ओळखा, ही औषधं तपासा, अमुक तारखेच्या आत उत्तर पाठवा. त्यांच्याकडचं उत्तर आधीच पक्कं केलेलं असतं. आपलं त्याच्याशी ताडून गुण मिळतात. जंतू औषधाला दाद देत नसताना 'देतो' म्हटलं तर ती अतिगंभीर चूक, कारण रुग्ण निकामी औषधावर राहतो. चालणारं औषध 'चालत नाही' म्हटलं तर गंभीर, कारण डॉक्टर विनाकारण वरच्या, महागड्या इंजेक्शनकडे वळतात. मधल्या 'आय'पाशी झालेली गफलत किरकोळ.

खोकं आलं की प्रयोगशाळेत एक वेगळंच वारं शिरतं. सगळ्यांत जुन्या माणसानं करावं, दोनदा करावं, शंका असेल तर ओळखीच्या मोठ्या लॅबला फोन करावा, असं प्रत्येकाला वाटतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "ज्याची त्या दिवशी टेबलावर पाळी आहे तोच करणार, रोजच्या नमुन्यांच्या रांगेत आणि एकदाच. नाहीतर परीक्षा आपली होणार नाही, खोक्याची होईल." योजनेचा नियमही तोच आहे. किती ठिकाणी पाळतात, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

पहिल्या फेरीचं उत्तर आलं तेव्हा जंतूची ओळख बरोबर होती, बहुतेक औषधं जुळली, सिप्रोफ्लॉक्सॅसिन अडलं. आम्ही एस लिहिलं होतं, त्यांचं उत्तर आर. मॅडमनी वही उघडली. आमचा झोन २१ मिलिमीटर. पुन्हा केला, पुन्हा २१. आमचं माप बरोबर होतं, अक्षर चुकलं होतं. भिंतीवर चिकटवलेला लॅमिनेट केलेला तक्ता जुना होता.

ही गोष्ट जरा तपशिलात सांगण्यासारखी आहे. झोनचे आकडे अमेरिकेतली सीएलएसआय ही संस्था दरवर्षी तपासून प्रसिद्ध करते, आणि भारतातल्या बहुतेक प्रयोगशाळा तेच वापरतात. ई. कोलायच्या घराण्यातल्या जंतूंसाठी सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा झोन २१ किंवा जास्त असला की एस, असं जुना तक्ता सांगायचा. २०१९ साली हे बदललं. आता एस म्हणायला २६ लागतात, २२ ते २५ आय, आणि २१ किंवा कमी म्हणजे आर. तोच जंतू, तीच प्लेट, तोच २१ चा झोन. जुन्या तक्त्यानं औषध चालतं, नव्यानं चालत नाही. जेंटामायसिनचे आकडेही २०२३ मध्ये बदलले. युरोपची युकास्ट नावाची वेगळी समिती आहे, तिचे आकडे आणखी निराळे, आणि काही ठिकाणी दोन्ही तक्त्यांची भेसळ चालू असते. सीएलएसआयचा तक्ता इंटरनेटवर फुकट वाचता येतो, युकास्टचाही. म्हणजे अडचण पैशांची नव्हती. तक्ता बदलला का, हे बघायचं काम कुणाच्याच नावावर नव्हतं. आता ते माझ्या नावावर आहे, आणि तक्त्याच्या कोपऱ्यात वर्ष ठळक लिहिलेलं असतं.

काकूंच्या दोन रिपोर्टांतही असंच झालं होतं का, ते मी सांगू शकत नाही. पण दोन्ही कागदांवर मिलिमीटरचा आकडा आणि तक्त्याचं वर्ष छापलेलं असतं तर त्यांच्या डॉक्टरांना एका नजरेत कळलं असतं. तेव्हापासून आम्ही वर्ष छापतो, आणि डॉक्टरांनी मागितला तर झोनचा आकडाही देतो.

पुढे मॅडमनी ओळखीच्या एका प्रयोगशाळेशी बोलून अदलाबदल सुरू केली. एकच जंतू दोन्हीकडे तपासायचा, आकडे बंद पाकिटात ठेवायचे आणि मग समोरासमोर उघडायचे. बाकी सगळं एक-दोन मिलिमीटरच्या फरकानं जुळायचं, कोट्रायमॉक्सॅझोल जुळेना. प्लेट शेजारी शेजारी ठेवल्यावर कळलं. या औषधाच्या झोनच्या कडेला जंतूची पुसट वाढ राहते. ती सोडून द्यायची आणि जिथे वाढ ठळकपणे थांबते तिथे मोजायचं, असा नियम. तिकडे पूर्ण स्वच्छ काचेपर्यंतच मोजत होते, त्यामुळे त्यांचा झोन लहान यायचा. या अदलाबदलीला पैसे लागले नाहीत. दोन टेक्निशियन एका टेबलाशी बसले, एवढंच.

आता मोठं चित्र. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली ग्लास नावाची जागतिक नोंद सुरू केली, देशोदेशीचे प्रतिरोधाचे, म्हणजे जंतू औषधांना दाद देईनासे झाल्याचे, आकडे त्यात जमतात. आपल्याकडे आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, प्रयोगशाळांचं एक जाळं २०१३ पासून आहे, वर्ध्याजवळचं सेवाग्राम आणि मुंबईचं हिंदुजा रुग्णालय त्यात आहेत. दिल्लीच्या एनसीडीसीचं, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं, दुसरं जाळं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं, त्यात पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज आहे. ब्रिटनच्या फ्लेमिंग फंडाच्या पैशातून डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठानं २०२० मध्ये इक्यूएशिया हा प्रकल्प सुरू केला. दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या देशांच्या संदर्भ प्रयोगशाळांची अशीच बाहेरून परीक्षा घ्यायची, माणसांच्याही आणि जनावरांच्याही, हा त्याचा हेतू. हे सगळं हवंच. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट प्रतिरोधी जंतूंमुळे गेली, असा लॅन्सेटमध्ये २०२२ साली आलेला अंदाज आहे.

पण या परीक्षा वरच्या पायऱ्यांवर होतात. देशाची प्रयोगशाळा, मग राज्यातली मोठी महाविद्यालयं. त्यांचे आकडे येतात ते मोठ्या रुग्णालयांत पोचलेल्या, आधीच चार औषधं खाऊन झालेल्या रुग्णांचे. तळेऱ्याच्या काकूंना पहिली गोळी कुठली द्यावी, ते या आकड्यांवरून ठरवणं धोक्याचं. त्यासाठी तळेऱ्याचे, कणकवलीचे, देवगडचे आकडे लागतात. ते छोट्या खासगी प्रयोगशाळांच्या वह्यांत पडून आहेत. तिथे बाहेरचा परीक्षक पोचलेलाच नाही, म्हणून ते कुणी धरत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणारं एनएबीएल हे राष्ट्रीय मंडळ आहे, त्याची मान्यता घेतली तर बाह्य मूल्यमापन बंधनकारक होतं, पण ती मान्यता घेणं ऐच्छिक आहे.

आणि माझी खरी तक्रार याच्याही पुढची आहे. परीक्षेचा जंतू येतो तो सुकवून, सीलबंद, कुरियरनं. आमच्या रुग्णाचा नमुना येतो एसटीच्या ड्रायव्हरच्या केबिनमधून. लघवी साध्या तापमानाला दोन तासांच्या आत प्लेटवर पडायला हवी, नाहीतर चार अंशांना थंड ठेवायला हवी. ब्लड कल्चरच्या बाटलीचं उलट, ती कधीच थंड करायची नाही. कलेक्शन सेंटरवरचा मुलगा दोन्ही एकाच बर्फाच्या डब्यात घालतो, कारण त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. २०२४ मध्ये करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बरेच महिने बंद होता, कोल्हापूरची वाहतूक भुईबावडा आणि फोंडा घाटातून वळली. प्रवास लांबला. डब्यातला बर्फ मात्र पूर्वीइतकाच घालत होते. कोल्हापूरची प्रयोगशाळा बाह्य परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवणारी असली, तरी भलत्याच जंतूंनी फुगलेला तो नमुना तिच्या हाती आल्यावर ती तरी काय करणार?

म्हणून आमच्या इथे आम्ही एक साधी सोय केली. डब्यावर कागद चिकटवला. नमुना किती वाजता घेतला, किती वाजता निघाला, किती वाजता पोचला, अँटिबायोटिक आधी सुरू होतं का. वेळ टळली असेल तर नमुना परत मागवायचा, रिपोर्ट द्यायचा नाही. सुरुवातीला लोक चिडले. "परत कित्याक? एकदा दिलंय मां!" असं एक आजी मला ऐकवून गेल्या. समजावलं की देतात. पहिल्या काही महिन्यांत परत मागवलेले नमुने पुष्कळ होते, आता क्वचित होतात, कारण सेंटरवरच्या मुलाला घड्याळ बघायची सवय लागली.

आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागानं जिल्ह्यातल्या प्रत्येक कल्चर करणाऱ्या प्रयोगशाळेला, सरकारी असो वा खासगी, वर्षातून काही वेळा अनोळखी जंतू पाठवावा आणि निकाल नावाशिवाय सगळ्यांना दाखवावा. त्याबरोबर कलेक्शन सेंटरच्या डब्यांचीही अचानक तपासणी व्हावी, थर्मामीटर आणि घड्याळ घेऊन. याला यंत्रं लागत नाहीत, कोटींचा निधीही लागत नाही. लागतो तो एक माणूस, ज्याच्या नावावर हे काम असेल.

तोवर वाचकांनी आपल्यापुरतं एवढं करावं. डॉक्टरांनी कल्चर सांगितलं तर अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी नमुना द्या. नमुना दिल्यावर तो किती वेळात आणि कसा जाणार ते विचारा. आणि रिपोर्ट घेताना प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारा: तुम्ही बाह्य गुणवत्ता योजनेत आहात का, आणि हा रिपोर्ट कुठल्या वर्षीच्या तक्त्यानं दिला? या प्रश्नांचा राग येणाऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा जाऊ नका.